ज्या लेखकाबद्दल काहीच माहीत नाही त्याच्यावर अर्धा तास कसं बोलायचं

२०२५ ला तो "नेझा २" हा चिनी ॲनिमेशन पिक्चर आला आणि तुफान चालला, तेव्हापासून आमच्याकडे पोरांना नेझा, म्हणजे एका जुन्या चिनी कादंबरीतला दांडगा पोरगा, माहीत झालाय. मग पुढचं ओघानेच आलं, फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात वाचनालयवाले आणि शाळेतले सर मॅडम म्हणायला लागले की यावर कोणीतरी बोला, मूळ पुस्तक कुठलं, लिहिलं कोणी. आणि बोलणारा काय करतो तर गुगल करतो, वर चौकटीत येतं "लेखक: शू झोंगलिन", ते कागदावर उतरवतो, मग शू झोंगलिनवर क्लिक करतो आणि तिथे चार ओळी. जन्म-मृत्यूच्या तारखा प्रत्येक साइटवर वेगळ्या, फोटो तर सोडाच, दुसरं एकही पुस्तक नाही. आता या माणसावर अर्धा तास काय बोलणार?

बोलता येतं, आणि छान बोलता येतं, फक्त चरित्र सांगायचा हट्ट सोडायला लागतो. माणसाचं चरित्र नसेल तर त्याच्या नावाचं चरित्र सांगायचं, म्हणजे हे नाव पहिल्यांदा कुठे छापलं गेलं, कोणी वाचलं, कोणी नाकारलं आणि त्याच्या जागी कोणाला बसवायला बघितलं. ते कसं जमवायचं ते खाली लिहितोय.

आधी पुस्तक. फेंगशेन यान्यी हे त्याचं नाव, मराठीत साधारण "देवांच्या नेमणुकीची कथा" म्हणा. मिंग काळातली (म्हणजे १३६८ ते १६४४) कादंबरी, १०० प्रकरणं. शांग घराण्याचा शेवटचा राजा नूवा देवीच्या देवळात जातो, मूर्ती बघून डोकं फिरतं आणि भिंतीवर चावट कविता लिहून येतो. देवी चिडते, तीन चेटकिणी पाठवते, त्यातली कोल्हीण दाजी नावाच्या सुंदर मुलीच्या अंगात शिरून राणी होते आणि राज्य बुडवते. पश्चिमेकडचं झौ घराणं उठतं, त्यांचा सल्लागार म्हणजे तो सरळ गळाने मासे पकडत बसणारा म्हातारा जियांग झिया, आणि मग देव, तपस्वी, राक्षस सगळे दोन बाजूंनी लढतात. लढाईत मेलेल्यांना शेवटी देव म्हणून पोस्टिंग मिळतं, एकूण ३६५ जागा. मूळ लढाई इतिहासातली आहे, मुयेची, इ.स.पू. १०४६ च्या सुमाराची, बाकीचा डोलारा नंतर रचलेला.

इथे एक सावधगिरी. त्या वाईट राजाचं नावही ऐकायला "झौ" आणि त्याला हरवणारं घराणंही "झौ". चिनीत दोन्ही वेगळी आहेत पण आपल्या कानाला एकच, समोरचे लोक दहाव्या मिनिटाला हरवतात. राजाला त्याच्या दुसऱ्या नावाने दि शिन म्हणा, इतिहासात तेही चालतं, भानगडच संपली.

सगळी १०० प्रकरणं वाचायची गरज नाही. खरं सांगायचं तर मधल्या लढाया फार एकसारख्या आहेत, एक जादूगार येतो, शस्त्र काढतो, दुसरा त्याहून भारी शस्त्र काढतो, आणि हे चालूच राहतं. गू झिझोंग यांचं इंग्रजी भाषांतर १९९२ ला बीजिंगहून निघालं, ते मिळालं तर पहिलं प्रकरण वाचा, मग १२, १३, १४ वाचा (यात नेझा आहे), आणि ९९ वं, जिथे नेमणुका होतात. जर्मन येणारा कोणी असेल तर विल्हेल्म ग्रुबे यांचं १९१२ चं भाषांतर आहे, ते पहिल्या ४६ प्रकरणांचंच.

१२ ते १४ मात्र स्वतः वाचा, कोणाच्या सारांशावर जाऊ नका. आई साडेतीन वर्षं गरोदर, शेवटी मांसाचा गोळा जन्मतो, बाप ली जिंग तलवार घालतो आणि आतून मूल बाहेर उडी मारतं. सातव्या वर्षी हे पोर आंघोळीला जातं, हातातलं लाल रेशमी वस्त्र पाण्यात घुसळतं आणि तिकडे समुद्राखाली नागराजाचा महाल हलतो. चौकशीला आलेल्या यक्षाला मारतं, नागराजाच्या मुलाला मारतं आणि त्याची शीर ओढून काढतं, बापाला पट्टा करायला म्हणून. पुढे नागराज आईबापाला धरतात तेव्हा हा स्वतःलाच कापून घेतो, तुमचं हाडमांस तुम्हाला परत, आता आपला हिशोब मिटला. गुरू कमळापासून त्याला नवीन शरीर देतो आणि नवीन शरीर मिळाल्यावर तो पहिल्यांदा काय करतो, तर बापाच्या मागे लागतो, कारण आईने बांधलेलं त्याचं देऊळ बापाने जाळलेलं असतं. आईबापाचा शब्द मोडायचा नाही ही जिथली सगळ्यात मोठी शिकवण, तिथे हे लिहिलेलं आहे.

आणि भारतीय श्रोत्यांसाठी हुकमाचा एक्का इथेच आहे. नेझा म्हणजे मुळात आपला नलकूबर, कुबेराचा मुलगा. भागवतात उखळाला बांधलेला कृष्ण ज्या दोन अर्जुनाच्या झाडांच्या मधून जातो आणि झाडं पडून त्यातून दोघं बाहेर येतात, त्यातला एक नलकूबर, दुसरा मणिग्रीव. बौद्ध ग्रंथांबरोबर कुबेर वैश्रवण म्हणून चीनला गेला, तिथे तो हातात स्तूप धरलेला सेनापती झाला, नंतर तांग काळातल्या ली जिंग नावाच्या खऱ्या सेनापतीशी त्याची सरमिसळ झाली, आणि मुलगा नेझा. कादंबरीत ली जिंगच्या हातात तो मनोरा येतो तोच पोराला आवरायला. नेझाने ज्याला मारलं ती यक्षांची जातही मुळात कुबेराच्याच दरबारातली, हे लक्षात घ्या. भागवत सप्ताहाला बसलेल्या कुठल्याही आजीला हे सांगा, ती पुढची पाच मिनिटं तुम्हाला बोलूच देणार नाही.

आता लेखकाकडे. कुठल्याही जुन्या पुस्तकाला पहिला प्रश्न विचारायचा: सगळ्यात जुनी प्रत कुठे आहे आणि तिच्यावर काय छापलंय? नंतर लोक काय म्हणाले ते मागाहून. या कादंबरीची आज माहीत असलेली सगळ्यात जुनी छापील प्रत चीनमध्ये नाही, ती टोकियोत आहे, नाइकाकू बुंको म्हणून सरकारी संग्रह, आता जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. चीनमधल्या सूचौ शहराच्या शू झाययांग नावाच्या प्रकाशकाची, मिंग काळाच्या शेवटाची, २० भागांत १०० प्रकरणं. आणि या २० भागांपैकी फक्त दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक ओळ आहे, झोंगशानचा निवांत म्हातारा शू झोंगलिन, संपादित. झालं. पहिल्या भागावर नाही, शेवटी नाही, इतकाच पुरावा, आणि तो "लिहिलं" असंही म्हणत नाही, जुळवलं-संपादलं असं म्हणतो.

आपल्याकडे जत्रेच्या नाटकांच्या जुन्या हस्तलिखित वह्या असतात ना, शेवटच्या पानावर झोकात सही असते ती बहुतेक वेळा उतरवून काढणाऱ्याची. तसंच हे असू शकतं. म्हणून एका ओळीवरून लेखक ठरवताना जपून.

झोंगशान हा नानजिंगजवळचा डोंगर. शू झोंगलिन नानजिंगचा होता असं सगळीकडे छापलेलं दिसतं ते या टोपणनावावरूनच. बघा म्हणजे, टोपणनावावरून गाव, पुस्तकावरून काळ, आणि मग हेच दोन धागे पाठ्यपुस्तकात "जीवनपरिचय" म्हणून येतात. तुमच्या भाषणात हा प्रवास दाखवा, लोकांना फार आवडतो, कारण व्हॉट्सॲप फॉरवर्ड कसे बनतात ते त्यांनी रोज बघितलेलं असतं.

त्याच प्रतीला ली युनशियांग नावाच्या माणसाची प्रस्तावना आहे आणि ती मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते, पण बहुतेक लोक ती सोडूनच देतात. तो म्हणतो की माझ्या प्रकाशक मित्राने चू प्रांतातून भरपूर पैसे मोजून या पुस्तकाची प्रत आणली, झोंग बोजिंग साहेबांनी टीपा घातलेली, पण काम अर्धवट राहिलेलं, म्हणून ते पुरं करायला माझ्याकडे दिलं. झोंग बोजिंग म्हणजे झोंग शिंग, त्या काळचा गाजलेला समीक्षक. अडचण अशी की अशा गाजलेल्या लोकांची नावं सूचौ-नानजिंगचे छापखानेवाले सर्रास वापरायचे, पुस्तक खपावं म्हणून. त्यामुळे झोंग शिंगने खरंच हात लावला होता का यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, पण ली युनशियांगने स्वतः काहीतरी पुरं केलं हे तो स्वतःच सांगतोय. म्हणजे एक जुळवणारा, एक पुरा करणारा, आणि एक पैसे घालणारा. माझं मत विचाराल तर या तिसऱ्याशिवाय आपल्या हातात काहीच आलं नसतं, त्याचं नाव पोस्टरवर असायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न: याच्या आधी गोष्ट कुठे होती? ही गोष्ट कोणी एकटा बसून डोक्यातून काढलेली नाही. युआन काळात, १३२१ ते १३२३ च्या दरम्यान, फूजियानमध्ये "(झौ घराण्याचा) राजा वू, दि शिनवर चाल करून जातो" अशा अर्थाच्या नावाची सचित्र कथा छापली होती, कथेकऱ्यांच्या परंपरेतली. दाजीच्या अंगात शिरलेली कोल्हीण त्यात आहेच. गंमत म्हणजे तीसुद्धा नाइकाकू बुंकोतच सापडली. कादंबरीची पहिली ३० एक प्रकरणं या जुन्या कथेच्या बरीच जवळून जातात, मग ती वेगळ्या वाटेला लागते आणि देवांच्या लढाया सुरू होतात. म्हणजे आपल्या लेखकाचं स्वतःचं काम बहुतेक तिथून पुढे बघायचं, आणि नेमकं तेच वाचायला कंटाळवाणं, त्याला आपण काय करणार.

आता दुसरा दावेदार. लू शिशिंग, जन्म १५२०, शिंगहुआचा, सरकारी परीक्षांत पुन्हा पुन्हा अपयश येऊन शेवटी ताओ पंथाचा साधक झाला. शू झोंगलिनच्या उलट याचं सगळं माहीत आहे, त्याने झुआंगझी या जुन्या ताओ ग्रंथावर भाष्य लिहिलं, साधनेवर ग्रंथ लिहिले, म्हातारपणी बौद्ध सूत्रांवरही लिहिलं. याचं नाव आलं कुठून? नाटकांची एक जुनी सूची आहे, त्यात एका नाटकाच्या नोंदीत जाता जाता म्हटलंय की ही कादंबरी युआन काळातल्या लू चांगगेंग नावाच्या ताओ साधूने लिहिली असं म्हणतात, आणि पुढे लगेच, खरं की खोटं कोण जाणे. सून काइदी या संशोधकाने ती नोंद उचलली. मग १९३६ ला पेकिंग विद्यापीठातला तरुण झांग झेंगलांग याने हू शी या नावाजलेल्या विद्वानांना पत्र लिहून दाखवलं की लू चांगगेंग म्हणजे लू शिशिंगच, चांगगेंग हे त्याचं दुसरं नाव, आणि तो युआनचा नाही, मिंगचा. पुढे ल्यू त्सुन-यान यांनी १९६२ ला या एकाच प्रश्नावर जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला, लू शिशिंगच्या बाजूने, त्यात पुस्तकातले ताओ आणि बौद्ध संदर्भ एकेक करून तपासलेत.

त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे. पुस्तकात ताओ गुरूंच्या जोडीला मंजुश्री, समंतभद्र, अवलोकितेश्वर चिनी नावांनी तपस्वी म्हणून फिरतात, बौद्धांची चुंदी देवी चक्क पुरुष साधू होऊन पश्चिमेकडून येते आणि मोराच्या रूपातल्या एका योद्ध्याला वाहन करून घेऊन जाते, हे सगळं दोन्ही पंथ कोळून प्यायलेल्या माणसाचं काम वाटतं. आणि लू शिशिंग तसाच होता. पण "तसाच होता" म्हणजे "त्यानेच लिहिलं" असं नव्हे, मूळ धागा शेवटी त्या सूचीतल्या एका ऐकीव ओळीवर लटकतोय जिच्यावर लिहिणाऱ्याचाच भरवसा नव्हता. मला विचाराल तर शू झोंगलिनचा पुरावा छोटा आहे पण जागेवर आहे, लू शिशिंगचा मोठा आहे पण लांबून आलेला. दोघांची नावं घ्या, कशाच्या जोरावर घेताय ते सांगा, आणि श्रोत्यांवर सोडा.

हुंड्याची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, नाहीतर कार्यक्रमाला मीठ नाही. १९ व्या शतकात लियांग झांगजू नावाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलीय. एका विद्वानाने थोरल्या मुलीच्या लग्नात होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं, धाकटी रुसली, तर तो म्हणाला गरिबीची काळजी करू नकोस, आणि शूजिंग या प्राचीन ग्रंथातल्या एका वाक्यावरून ही कादंबरी रचून हस्तलिखित तिला दिलं, जावयाने छापलं आणि भरपूर कमावलं. गोष्टीत विद्वानाचं नाव नाही. पुस्तक छापून दोनशेच्या वर वर्षं झाल्यावरची ही गोष्ट, तेव्हा पुरावा म्हणून शून्य. सांगताना आधी "अशी एक दंतकथा आहे" म्हणा, नंतर म्हणालात तर कोणी ऐकत नाही, लोकांच्या डोक्यात धाकटी मुलगी बसलेली असते. आधुनिक चीनचे मोठे लेखक लू शून यांनीही आपल्या चिनी कथासाहित्याच्या इतिहासात लियांगच्याच दुसऱ्या नोंदीतली अशी ऐकीव गोष्ट दिली, त्या "नामवंताचं" नाव सांगितलेलं नाही हे नोंदवलं, जपानमधल्या प्रतीवर शू झोंगलिन आहे हे सांगितलं आणि वर स्पष्ट लिहिलं की तिची प्रस्तावना मी बघितलेली नाही त्यामुळे काळ नक्की सांगता येत नाही. बस, असं लिहायला शिका, अर्धं काम झालं.

शोधाशोधीबद्दल थोडंसं. मराठीत किंवा इंग्रजीत नाव टाकून फार काही हाती लागत नाही, चिनी विकिपीडियावरून चिनी अक्षरांतलं नाव कॉपी करा आणि ते सर्च करा, भाषांतर मोबाईल करून देतो, भाषा विचित्र असते पण तारखा आणि नावं कळतात. चॅटबॉटला विचारलंत तर तो जन्मसाल, गाव, शिक्षण सगळं छान सांगेल, त्याला लगेच विचारा की हे कुठल्या प्रतीवर आहे. तारीख कुठे सापडली की खाली टीप बघा, टीप दुसऱ्या वेबसाइटची असेल आणि तिची तिसरीची, तर ती तारीख कागदावरून खोडा. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाणार असाल तर काउंटरवर पुस्तकाचं नाव सांगण्यापेक्षा विषय सांगा, चिनी साहित्याचा इतिहास, आणि पाठीमागची सूची उघडून नाव शोधा.

गोव्यात बोलताना एक फायदा आपल्याला आहे तो सोडू नका. पुस्तक एकीकडचं आणि प्रत दुसरीकडे हे इथल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. १६ व्या शतकातल्या आपल्या रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवलेली बाडं पोर्तुगालच्या ब्रागा शहरात आहेत. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला राचोलला छापलं, म्हणजे सूचौला आपली कादंबरी छापली जात होती त्याच्याच आसपास, त्याच्या त्या काळच्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत हाताशी नाही, १९०७ ची मंगळूरची आवृत्ती हस्तलिखितांवरून काढावी लागली. इथे लेखक पक्का आणि छापील प्रत गायब, तिकडे प्रत आहे आणि लेखकाचा पत्ता नाही. ही दोन मिनिटं भाषणाच्या मध्यावर ठेवा, चहाची आठवण येते तेव्हा.

वेळेचं म्हणाल तर नेझाला दहा मिनिटं द्या, टोकियोच्या प्रतीला आणि प्रस्तावनेला मिळून दहा, लू शिशिंग पाचात उरका, उरलेल्यात हुंडा आणि ब्रागा. घराण्यांची वंशावळ अजिबात नको. पोरं असतील तर नेझा आधी, फक्त मोठेच असतील तर दुसऱ्या भागावरच्या त्या एका ओळीपासून सुरुवात करा.

पोस्टरवर काय लिहायचं यावरून आयोजकांशी वाद होतो, त्यांना "लेखक: शू झोंगलिन" एवढंच हवं असतं कारण डिझाइनवाल्याने तेवढीच जागा सोडलेली असते. त्यांना सांगा "संपादक म्हणून छापलेलं नाव: शू झोंगलिन", आणि तेही बसत नसेल तर लेखकाची ओळच काढून टाका आणि "मिंग काळातली कादंबरी" लिहा, ते बरोबर आहे आणि लहानही आहे. सूत्रसंचालकाला मात्र कार्यक्रमाच्या आधी गाठून सांगून ठेवा, नाहीतर तो माईक हातात आला की "थोर साहित्यिक शू झोंगलिन यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला" अशी सुरुवात करतो.